पातेलं, टोप, सॉसपॅन आणि त्यांची झाकणं : गिऱ्हाईकाला नेमकं कोणतं भांडं द्यायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी काउंटरवर सहा पातेली मांडून दाखवली होती. वेळेअभावी बरंच काही राहून गेलं, म्हणून हा लेख. ज्यांना भांड्यांचं दुकान टाकायचंय त्यांनी तर वाचाच. पण ज्यांना डबे, चहाची गाडी, घरगुती केटरिंग असं काही सुरू करायचंय त्यांनीही वाचा, कारण तुमच्या धंद्याची पहिली खरेदी हीच असते. दोघांचा विषय एकच आहे, फक्त काउंटरच्या दोन बाजू.

आधी माझी एक चूक सांगतो.

दुकान सुरू करून आठ महिने झाले होते. एक ताई आल्या. स्टीलच्या पातेल्यांचा पाच नगांचा सेट मागितला. माझ्याकडे एक सेट होता, चकचकीत, दिसायला झकास, पत्रा पातळ आणि मला मार्जिन चांगलं. मी तोच काढून दिला. पाच मिनिटांत व्यवहार झाला. मी खूश.

दहा दिवसांनी ताई दोन पातेली घेऊन परत आल्या. बूड काळं ठिक्कर पडलेलं. त्या डबे करत होत्या, रोजचे बावीस. आमटी तीनदा बुडाला लागली, खीर एकदा करपली, आणि चार डबे बंद झाले. मी काय केलं? भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "वापरलेला माल परत घेतला जात नाही." ताई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, भांडं वाईट नाही हो. पण मी काय काम करते, हे तुम्ही विचारलंच नाहीत."

काही महिन्यांनी त्यांनी धंदा वाढवला. मोठी पातेली, झाकणं, परात, डाव, सगळा माल घेतला आणि टेम्पो माझ्याच दुकानासमोरून गेला, दुसऱ्या दुकानाचा माल घेऊन. बीबीएला मी 'ग्राहकाची गरज ओळखणे' या धड्यावर चांगले मार्क मिळवले होते. काउंटरवर मात्र नापास झालो.

तेव्हापासून मी पातेलं दाखवण्याआधी चार प्रश्न विचारतो. आजचा सगळा धडा या चार प्रश्नांभोवतीच आहे.

चार प्रश्न

१. यात काय शिजणार? (दूध, चहा, आमटी, भात, खीर, की नुसतं पाणी?)
२. कशावर शिजणार? (गॅस, इंडक्शन, की चूल?)
३. किती जणांचं, दिवसातून किती वेळा?
४. उचलणार कोण आणि धुणार कोण?

चौथा प्रश्न लोक विसरतात. सत्तरीच्या आजींना जाडजूड पातेलं दिलंत तर ते माळ्यावर जाईल आणि तुमचं नाव त्याच्यासोबत.

आधी नावं नीट समजून घ्या

मुंबई-कोकणात टोप म्हणतात, पुण्याकडे पातेलं, मराठवाड्यात भगुणं, विदर्भात गंज. लहान ते तपेली किंवा पातेली. लांब दांड्याचं, चहाचं किंवा दुधाचं भांडं म्हणजे सॉसपॅन. गिऱ्हाईक ज्या नावाने मागेल त्याच नावाने उत्तर द्या. विदर्भातून आलेल्या काकूंनी "गंज दाखवा" म्हटल्यावर तुमचा पोरगा तोंडाकडे बघत राहिला तर गिऱ्हाईक तिथेच अर्धं तुटतं.

अॅल्युमिनियमला आपल्याकडे जुनी माणसं 'जर्मन' किंवा 'जर्मल' म्हणतात. "जर्मनचं पातेलं द्या" म्हणजे जर्मनीहून आलेलं नव्हे! हसू नका, माझ्याकडच्या नव्या मुलाचा असा घोटाळा झालाय.

कोणता धातू कशासाठी

पातेलं म्हणजे आच अन्नापर्यंत पोचवणारी वस्तू. ती किती लवकर आणि किती सारखी पोचते, हे धातूवर ठरतं. ढोबळ हिशोब असा : स्टीलच्या तुलनेत अॅल्युमिनियम दहापटीहून जास्त चांगली उष्णता वाहून नेतं, आणि तांबं साधारण पंचवीसपट. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात जिथे ज्योत लागते तिथेच करपतं आणि कडेला अन्न कोमट राहतं. ताईंची आमटी याच कारणाने लागली.

*अॅल्युमिनियम (जर्मन, हिंडालियम).* हलकं, स्वस्त, सगळीकडे सारखं तापतं. भात, दूध, पाणी तापवणं, मोठ्या स्वयंपाकाचे टोप यांना उत्तम. अडचण आंबटाची. चिंच, कोकम, टोमॅटो, ताक हे साध्या अॅल्युमिनियममध्ये शिजवलं किंवा ठेवलं तर धातू थोडा अन्नात उतरतो, चव बदलते, भांडं आतून काळपट होतं. त्यामुळे कढी, सार, चिंचेची आमटी यात नको, आणि यात शिजवलेलं रात्रभर यातच ठेवायलाही नको. दुसरं, साधं अॅल्युमिनियम इंडक्शनवर चालत नाही.

*हार्ड अॅनोडाइज्ड.* हेही अॅल्युमिनियमच. विजेच्या प्रक्रियेने वरच्या थराचं कडक ऑक्साइड केलेलं असतं, म्हणून रंग राखाडी-काळा. आंबटाला साध्या अॅल्युमिनियमपेक्षा पुष्कळ चांगलं तोंड देतं. पण सोडा किंवा जहाल पावडरने घासलं तर थर खराब होतो, हे विकताना सांगायचं. इंडक्शनसाठी घ्यायचं असेल तर बुडाला स्टीलची चकती बसवलेलं मॉडेल बघा, नाहीतर चालणार नाही.

*स्टील.* आंबट, खारट, तिखट, कशाचीच भीती नाही. घासायला सोपं, वर्षानुवर्षं टिकतं. उणीव एकच, उष्णता नीट पसरत नाही. त्यामुळे स्टीलमध्ये सगळा खेळ बुडाचा. बूड पातळ असेल तर ते फक्त उकळायच्या कामाचं : चहा, पाणी, अंडी, बटाटे. आमटी, खीर, रवा, बासुंदी करायची तर जाड बूड हवं.

*सँडविच बूड.* स्टीलच्या पातेल्याखाली अॅल्युमिनियमची चकती, आणि बहुतेक वेळा तिच्यावर पुन्हा स्टीलचं टोपण. मधलं अॅल्युमिनियम आच पसरवतं. चांगला पर्याय आहे. पण चकती फक्त बुडाला असते. ज्योत चकतीपेक्षा मोठी ठेवली तर चकती जिथे संपते तिथे आतून गोल काळी रेघ उमटते. गिऱ्हाईक मग "भांडं खराब निघालं" म्हणून येतं. आधीच सांगा : ज्योत बुडाच्या आत ठेवा.

*ट्रायप्लाय.* आत स्टील, मध्ये अॅल्युमिनियम, बाहेर चुंबक धरणारं स्टील, आणि हे तीन थर बुडापासून काठापर्यंत. आंबटही चालतं, इंडक्शनही चालतं, करपणंही कमी. महाग आणि जड. रोज दोन-तीनदा आमटी-खीर करणाऱ्याला हे परवडतं, आठवड्यातून एकदा मॅगी करणाऱ्या विद्यार्थ्याला नाही.

*तांब्याचं बूड असलेलं स्टील.* दिसायला सुंदर, पण बहुतेक भांड्यांत तांब्याचा थर अगदी पातळ असतो. तेवढ्याने आच पसरण्यात मोठा फरक पडत नाही. शोभेसाठी घेणाऱ्याला जरूर द्या, 'करपणार नाही' अशी खात्री मात्र देऊ नका.

*पितळ आणि तांबं.* आजकाल मागणी परत वाढतेय, विशेषतः लग्नाच्या रुखवतात आणि नव्या घरात. पुण्याच्या तांबट आळीत किंवा नाशिकच्या भांडी बाजारात एक फेरी मारा, ठोक्याचं काम काय असतं ते डोळ्यांनी बघा. पण विकताना कल्हईचं सांगितल्याशिवाय विकू नका. कल्हई नसलेल्या पितळेत ताक-आमटी कळकते, हे आपल्या आज्यांना पाठ होतं, नव्या गिऱ्हाईकाला माहीत नसतं. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा थर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही, आणि आतून तारेच्या घासणीने खरवडायचं नाही. आतला पांढरा थर जाऊन पिवळं-लाल दिसू लागलं की पुन्हा कल्हई. तुमच्या गावात कल्हईवाला कधी येतो, त्याचा नंबर काय, हे तुमच्या वहीत असलंच पाहिजे. पितळेचं पातेलं विकणारे बरेच, कल्हईवाला गाठून देणारे थोडे. गिऱ्हाईक लक्षात ठेवतं ते त्या थोड्यांना.

*नॉनस्टिक सॉसपॅन.* दूध, व्हाइट सॉस, थोडीशी खीर यांना सोयीचं. रिकामं तापवायचं नाही, लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा वापरायचा, थर निघाला की बदलायचं. डबेवाल्यांना किंवा हॉटेलला मी सुचवत नाही, तिथल्या घासाघाशीत टिकत नाही.

चुंबकाची गोष्ट : बाजारातला मोठा गैरसमज

"चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांगलं स्टील," असं बरेच दुकानदार छातीठोकपणे सांगतात. अर्धवट खरं आहे.

भांड्यांत मुख्यतः तीन प्रकारचं स्टील दिसतं. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, ज्याला १८/८ म्हणतात. हे चांगलं, गंजाला दाद न देणारं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, म्हणून स्वस्त, आणि गंजाला ३०४ पेक्षा कच्चं. ४३० मध्ये निकेल जवळपास नसतंच, आणि त्याला चुंबक चिकटतं.

आता गंमत बघा. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, पण २०२ लाही चिकटत नाही! म्हणजे ज्या दोघांत फरक करायचाय त्यांच्यात चुंबक फरक करूच शकत नाही. उलट, चांगल्या ट्रायप्लायच्या बुडाला चुंबक चिकटतं, कारण तिथे इंडक्शनसाठी मुद्दाम तसं स्टील वापरलेलं असतं. चुंबकाचा खरा उपयोग एकच : इंडक्शनवर चालेल का, हे बघणं. बुडाला घट्ट चिकटलं तर चालेल. दोन सेकंदांची चाचणी. माझ्या गल्ल्याजवळ फ्रिजवर लावायचं चुंबक कायम असतं, गिऱ्हाईकाच्याच हातात देतो.

ग्रेडसाठी भांड्यावरचा शिक्का, घाऊक व्यापाऱ्याचं बिल आणि आयएसआय खूण बघायची. केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ च्या आदेशाने स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय खूण बंधनकारक केली आहे. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६, अॅल्युमिनियमचं आयएस १६६०. माल भरताना खुणेसोबतचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपवर टाकून तपासा. स्वस्त मिळाला म्हणून बिनखुणेचा माल भरून ठेवाल आणि अडकाल.

जड म्हणजे जाड नव्हे

हा मुद्दा व्हिडिओत घाईत झाला, म्हणून सविस्तर सांगतो.

पत्र्याची जाडी बाजारात गेजमध्ये सांगतात. आकडा वाढला की पत्रा पातळ. १६ गेज साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज १.२, २० गेज ०.९, २२ गेज ०.७. नव्या माणसाला वाटतं २२ म्हणजे जास्त भारी. उलटं आहे!

आता २० सेंटिमीटर व्यासाचं, १० सेंटिमीटर खोल पातेलं घ्या. कान-काठ सोडून नुसत्या पत्र्याचा हिशोब केला तर :

- २२ गेज स्टील : साधारण ५२० ग्रॅम
- १८ गेज स्टील : साधारण ८९० ग्रॅम
- ३ मिलिमीटर जाड अॅल्युमिनियम : साधारण ७६० ग्रॅम

बघितलंत? तीन मिलिमीटरचं अॅल्युमिनियम हे १८ गेजच्या स्टीलपेक्षा अडीचपट जाड आहे, तरी हलकं. कारण स्टीलची घनता अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून वजनाची तुलना फक्त एकाच धातूच्या, एकाच मापाच्या दोन भांड्यांत करायची. "हे जड आहे म्हणजे मजबूत" असं गिऱ्हाईक म्हणालं तर काट्यावर दोन स्टीलची पातेली ठेवून दाखवा. तोंडाने सांगण्यापेक्षा काटा बरा.

किलोवर विकल्या जाणाऱ्या मालात हे अजून महत्त्वाचं. घाऊकमध्ये भाव किलोचा, तुमच्याकडे गिऱ्हाईक विचारतं नगाचा. प्रत्येक मापाच्या एका नगाचं वजन करून किंमत वहीत लिहून ठेवा. अंदाजाने नग विकलात तर जाड भांड्यावर नुकसान आणि पातळ भांड्यावर बदनामी.

माप : किती लिटरचं पातेलं?

डबेवाल्या ताई "मोठं द्या" म्हणतात. मोठं म्हणजे किती? सूत्र शाळेतलंच आहे : त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४ गुणिले खोली. वरचं पातेलं म्हणजे १० × १० × ३.१४ × १० = ३१४० मिलिलिटर, म्हणजे सव्वातीन लिटरला जरा कमी. पण काठोकाठ कोणी भरत नाही. पाऊण भरलं तर साधारण २.३ लिटर. १०० मिलिलिटरचा कप धरला तर तेवीस कप चहा. दुधाला आणि खिरीला तर अर्धं भरलेलंच बरं, कारण उतू जातं.

चहाची गाडी लावणाऱ्यांनी हा हिशोब करूनच सॉसपॅन घ्यावं. लांब दांड्याचं भांडं दोन-अडीच लिटरच्या पुढे गेलं की भरल्यावर एका हाताने उचलणं धोक्याचं. तिथून पुढे दोन कानांचं पातेलं आणि सांडशी.

सॉसपॅन घेताना एक चाचणी करा. रिकामं, झाकण काढून काउंटरवर ठेवा. दांड्याच्या वजनाने एका बाजूला कलतंय का? जे काउंटरवर कलतं ते शेगडीवर हमखास कलतं. दांडा रिव्हेटने बसवलाय की वेल्डिंगने, हेही हलवून बघा. आणि चुलीवर वापरणार असतील तर बेकेलाइटचा दांडा-मूठ देऊ नका, जळते. चुलीसाठी जाड अॅल्युमिनियम किंवा पितळ, आणि बाहेरून मातीचा पातळ लेप, म्हणजे काजळी घासून काढायला सोपी.

झाकण : ज्याच्याकडे कोणी बघत नाही

आता मुख्य विषय. भांडी घेताना गिऱ्हाईक दहा मिनिटं पातेलं बघतं आणि झाकण दहा सेकंद. आपणही तसंच विकतो. पण गॅसचा पैसा झाकणाखाली वाचतो.

एक लिटर पाण्याची वाफ होऊन उडाली तर ती जेवढी उष्णता घेऊन जाते, तेवढ्या उष्णतेत सहा लिटरहून जास्त गार पाणी उकळीला येऊ शकतं. डबे करणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकवा. रोज दोन-तीन तास शेगडी पेटलेली असते, उघड्या पातेल्यातून निघून जाणारी वाफ म्हणजे सिलिंडरच.

झाकणाचे प्रकार आणि त्यांचं काम :

*ताटली किंवा सपाट झाकणी.* सर्वांत जुनं, स्वस्त, कोणत्याही पातेल्यावर चालतं. आपल्या बायका भाजी शिजवताना ताटलीत पाणी ठेवतात ना, त्यामागे शास्त्र आहे. वरच्या पाण्याने ताटली थंड राहते, आतली वाफ तिला लागून पुन्हा पाणी होते आणि भाजीवर टपकते. भाजी करपत नाही. वर पाणी कमी पडलं तर ताटलीतलं गरम पाणीच भाजीत घालता येतं. या कामाला थोडी खोलगट, काठ असलेली ताटली हवी. सपाट असेल तर पाणी शेगडीवर सांडतं.

*आत बसणारं झाकण.* याच्या खालच्या बाजूला एक कड असते, ती पातेल्याच्या काठाच्या आत जाते. वाफेचं पाणी परत पातेल्यातच पडतं. भातासाठी, आमटीसाठी हेच द्या. नुसतं वर टेकणारं झाकण काठाबाहेर आलेलं असेल तर पाणी बाहेरून ओघळतं आणि बर्नर विझतो.

*काचेचं झाकण.* आतलं दिसतं, म्हणून सारखं उघडावं लागत नाही. काच टफन्ड असते, वाफेसाठी छिद्र असतं. गरम झाकण गार पाण्याखाली धरू नका आणि कडेला आपटू नका, हे विकताना सांगायचंच.

*जाळीचं झाकण.* दूध तापवल्यावर निवेपर्यंत. गच्च झाकण ठेवलं तर वाफेचं पाणी दुधात पडतं, उघडं ठेवलं तर माशी-धूळ. जाळी दोन्ही सांभाळते. स्वस्त वस्तू आहे, दुधाच्या पातेल्यासोबत दाखवलीत तर दहात चार-पाच जण घेतातच, हा माझा अनुभव.

आणि दूध *तापत असताना* झाकण नको. सायीचा पापुद्रा खालची वाफ अडवतो, म्हणून दूध एकदम वर येतं, आणि झाकणाखाली ते दिसतच नाही. चहाचं उलट : उकळी आली, गॅस बंद केला, की झाकून दोन मिनिटं मुरू द्यायचा.

*सुटं झाकण विकायचं कसं?* घरात पातेलं असतं, झाकण हरवलेलं असतं किंवा पोचलेलं असतं. गिऱ्हाईक येतं आणि हाताने "एवढं" असं दाखवतं. तुम्ही देता, ते बसत नाही, परत येतं. उपाय सोपा आहे. त्यांना सांगा, पातेल्याच्या काठाभोवती दोरा गुंडाळा आणि दोरा घेऊन या. दोऱ्याची लांबी भागिले ३.१४ म्हणजे व्यास. दोरा ६३ सेंटिमीटर भरला तर पातेलं २० सेंटिमीटरचं. आत बसणाऱ्या झाकणासाठी काठाची दोन्ही बाजूंची जाडी वजा करा. माझ्या काउंटरखाली दोऱ्याचं रीळ असतं, मी घरी न्यायला फुकट तुकडा देतो. दोरा घेऊन गेलेला माणूस झाकण घ्यायला परत येतो!

ठेवणीतलं ज्ञान : तक्रार आली तर

- "स्टीलवर पांढरे डाग आलेत." बोअरच्या जड पाण्यातले क्षार आहेत. लिंबू किंवा व्हिनेगर लावून घासा, जातात.
- "इंद्रधनुष्यासारखे रंग आलेत." स्टील जास्त तापल्याची खूण. धोका नाही, यालाही लिंबू.
- "आतून बारीक खड्डे पडलेत." गार पाण्यात मीठ टाकून ठेवलं की मीठ बुडाशी बसतं आणि स्टीलला खातं. पाणी उकळल्यावर मीठ टाकायचं आणि ढवळायचं.
- "अॅल्युमिनियम काळं पडलं." त्यात काय शिजवलं ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा चिंच किंवा टोमॅटो.

यातल्या बहुतेक तक्रारी विकताना एक वाक्य बोलल्याने टळतात.

दुकानात भरायचं काय?

भांडवल थोडं असेल तर सगळ्या धातूंची सगळी मापं भरू नका. माझा सल्ला असा :

१. आजूबाजूला कोण राहतं ते बघा. विद्यार्थ्यांच्या खोल्या असतील तर चुंबक धरणारी लहान सॉसपॅन. मात्र फार लहान बुडाचं भांडं अनेक इंडक्शन शेगड्या ओळखतच नाहीत, हे लक्षात ठेवा. वस्तीत डबेवाले, मेस असतील तर जाड बुडाची मोठी पातेली. खेडी जवळ असतील तर जाड अॅल्युमिनियमचे टोप.
२. जी तीन मापं सर्वांत जास्त जातात, त्यांत पातळ, मध्यम आणि जाड असे तिन्ही ठेवा. बाकी मापांत फक्त मध्यम.
३. प्रत्येक पातेल्यामागे झाकण ठेवाच, आणि जाणाऱ्या मापांची सुटी झाकणं वेगळी.
४. काउंटरवर चार वस्तू : चुंबक, मापपट्टी, वजनकाटा, दोरा.
५. बिलावर धातू, माप आणि 'इंडक्शनवर चालेल / चालणार नाही' हे लिहून द्या. दहा सेकंद लागतात, पुढचा वाद वाचतो.

डबे किंवा चहाचा धंदा सुरू करणाऱ्यांनी हीच यादी उलट्या बाजूने वापरा. दुकानात जाताना काय शिजणार, कशावर, किती आणि कोण उचलणार हे कागदावर लिहून न्या. दुकानदाराने विचारलं नाही तर तुम्ही सांगा. पहिल्या दिवशी सात भांडी नकोत, दोन जाड बुडाची पातेली, एक आंबटासाठी स्टीलचं, एक भातासाठी अॅल्युमिनियमचं आणि प्रत्येकाला नीट बसणारं झाकण एवढ्यावर वीस-पंचवीस डबे निघतात.

आणि ती पाटी?

काढून टाकली. आता मी बिलामागे लिहून देतो : सांगितलेल्या कामाला भांडं उपयोगी पडलं नाही तर आठ दिवसांत बदलून मिळेल. लोक म्हणाले बुडशील. बुडलो नाही, कारण आता चार प्रश्न विचारून भांडं दिलेलं असतं, परत येणारी भांडी फार थोडी. जी येतात ती घासून, पॉलिश करून, वापरलेली म्हणून सांगूनच कमी भावात विकतो.

ताई मात्र परत आल्या नाहीत. त्यांचा टेम्पो अजून अधूनमधून दुकानासमोरून जातो.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातली सगळी पातेली ओट्यावर काढा. प्रत्येकाला चुंबक लावा, व्यास आणि खोली मोजून लिटर काढा, झाकण कसं बसतं ते बघा, आणि घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला विचारा : "यातलं कोणतं तू रोज वापरतेस, आणि का?" मिळालेली उत्तरं लिहून काढा. दुकान टाकणाऱ्यांसाठी तो पहिला बाजार-सर्व्हे आहे, आणि तो फुकट आहे.

पुढच्या धड्यात कढई, तवा आणि त्यांचे दांडे. भेटूया!